अकरा आटे

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी कशी झाले, तर त्या वर्षीच्या वार्षिक सभेला मला यायला उशीर झाला. मी गच्चीवर पोचले तोवर सगळ्यांनी एकमताने माझं नाव मंजूर करून वडापाव खायला घेतला होता. अठ्ठावीस घरं, चार मजले, लिफ्ट नाही. भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याकडे चढण सुरू होते, तिथे पायथ्याशीच आमची इमारत. पहिले चार महिने माझं काम म्हणजे मेंटेनन्सच्या पावत्या फाडणं, आणि दुसऱ्या मजल्याच्या कुंड्यांचं पाणी पहिल्या मजल्याच्या कपड्यांवर पडतं ह्या जुन्या भांडणात दोन्ही बाजूंना "बघते हं" म्हणणं, एवढंच होतं. मग फेब्रुवारीत पाणी कमी झालं.

खालची टाकी रोज पहाटे काठोकाठ भरायची, ती निम्मीच भरायला लागली. साडेनऊलाच वरच्या मजल्यांचे नळ फुसफुसायचे. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आशियातलं सर्वांत मोठं म्हणून सांगतात, निम्म्याहून जास्त मुंबई तिथलं पाणी पिते, आणि आमच्या गच्चीवरून त्या बाजूची झाडी दिसते. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण त्या महिन्यात मी जिन्यात निदान वीसदा ऐकली. दरवेळी म्हणणाऱ्याचा चेहरा असा, की ही त्यालाच पहिल्यांदा सुचली.

कारणं प्रत्येकाकडे तयार होती. कोपऱ्यावर नवा टॉवर झालाय, तो आपलं पाणी पितो. आमचे खजिनदार त्याच्याही पुढे गेले. "चावीवाल्याला बांधून ठेवलाय त्यांनी. आपला व्हॉल्व्ह तो पूर्ण उघडतच नाही. मला आतली माहिती आहे." चावीवाला म्हणजे नक्की कोण, कसा दिसतो, कधी येतो, हे मात्र खजिनदारांसकट कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ह्या इमारतीत बावीस वर्षं राहते. मलाही नव्हतं.

१९१६ ला फोन केला, तक्रारीचा नंबर मोबाइलवर आला. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून वॉर्ड ऑफिसात गेले. पाणीखात्याचे ज्युनिअर इंजिनिअर माझ्या भाच्याच्या वयाचे. मी चांगली दोन पानी तक्रार टाइप करून नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवून विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता सुटतं?"

"पहाटे."

"पहाटे किती वाजता?"

आता आली का पंचाईत! आमचा वॉचमन साडेसहाला पंप लावतो, पाणी वरच्या टाकीत चढतं, सातला माझ्या बेसिनला येतं. त्याच्या आधी ते कुठून येतं आणि कधी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"चार वाजून दहा मिनिटांनी," तेच म्हणाले. "प्रेशर कमी आहे की नाही हे दुपारी तीनला इथे बसून नाही सांगता येत, मॅडम. पाणी सुटतं तेव्हाच बघावं लागतं. परवा चावीवाल्याला सांगून ठेवतो. तुम्ही गेटवर थांबा."

आदल्या रात्री खजिनदार पाचशेची नोट घातलेलं पाकीट देऊन गेले. "ह्याशिवाय काही हलत नाही." मी ते पर्समध्ये ठेवलं. आता लिहिताना लाज वाटते, पण ठेवलं हे खरं.

पहाटे चारला आमची गल्ली मी पहिल्यांदा पाहिली. रिक्षा ओळीने उभ्या, एका बोनेटवर मांजर, दूधवाल्याचे क्रेट उतरण्याचा आवाज लांबून. चढावरून दोन माणसं उतरताना दिसली. पुढचा पन्नाशी उलटलेला, हडकुळा, डोक्याला मफलर. त्याच्या खांद्यावर बंदुकीसारखी धरलेली लोखंडी कांब, जवळपास माझ्या उंचीची. तिच्या वरच्या टोकाला आडवा दांडा, खालच्या टोकाला चौकोनी खोबण. ही ती चावी. मी बावीस वर्षं 'चावीवाला' हा शब्द ऐकून कमरेला जुडगा लावलेला माणूस डोळ्यांपुढे आणत होते. मागचा पोरगेला होता, त्याच्या हातात पहार आणि टॉर्च.

"सेक्रेटरी तुम्ही?" मफलरवाल्याने विचारलं. मी हो म्हणाले आणि माझा हात आपोआप पर्सकडे गेला. त्यांनी ते पाहिलं. इतकी वर्षं रात्रीचं काम केलेल्या माणसाला अंधारात नीट दिसत असावं.

"ते राहू द्या, मॅडम. ही गाडी तेवढी काढायला सांगा."

पांढरी वॅगनार होती. तिच्या पुढच्या चाकाखाली अर्धं लोखंडी झाकण दिसत होतं. गाडी आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या, कुंड्यावाल्यांची. फोन केला, उचलला नाही. वर जाऊन बेल मारली. ते डोळे चोळत खाली आले आणि चावीवाल्यावरच ओरडले, "रोज कसं काय चालतं मग?"

"रोज पोरगा झोपून चाकाखालून चावी घालतो," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

गाडी हलली. झाकणाच्या कडेला रस्त्याचं काम करणाऱ्यांनी सिमेंट चोपडलं होतं. पोराने पहारीने ते खरवडलं, झाकण उचकटलं आणि दोघंही मागे सरकले. मी वाकून बघायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला. "लगेच वाकायचं नाय." आतून झुरळांचा लोंढा बाहेर पडला आणि रस्त्यावर पसरून दिसेनासा झाला. त्या मागोमाग ओल्या गंजाचा वास. मग त्यांनी चावी उभी धरून खड्ड्यात सोडली, डोळे भलतीकडेच. खाली व्हॉल्व्हच्या दांड्याचं चौकोनी डोकं असतं, ते चावीच्या खोबणीत बसावं लागतं. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो तेव्हा काही दिसत नाही, हातालाच कळायला लागतं. 'खट्' असा बारीक आवाज झाला. "बसली."

दोघांनी दांड्याचं एकेक टोक धरलं आणि चावीभोवती फिरायला लागले. घाण्याच्या बैलासारखे, सावकाश. मी विचारलं, "काका, हे नेहमी..." तर पोराने ओठांवर बोट ठेवलं. काका पुटपुटत होते. तीन. चार. पाच. अकराव्या आट्याला, म्हणजे अकराव्या फेऱ्याला, थांबले.

"मोजताना बोलायचं नाय, मॅडम. आकडा चुकला तर पहिल्यापासून बंद करून परत उघडायला लागतो."

रस्त्याखालून आधी हवेचा सुस्कारा आला आणि मग जडसर घरघर. पाणी सुटलं होतं. घड्याळात चार बारा.

खजिनदारांचा मुद्दा माझ्या डोक्यात होताच. मी विचारलं, "अकराच का? पूर्ण किती?"

"तेवीस."

म्हणजे खरंच अर्धाच उघडतात! मी मनातल्या मनात दोन पानी तक्रारीचं तिसरं पान लिहायला घेतलं.

काका मात्र गेटमधून आत शिरले होते. आमचा मीटर टाकीशेजारी, मागच्या भिंतीलगत. टॉर्चच्या उजेडात त्यांनी काटा बघितला, तो फिरत होता पण आळसावल्यासारखा. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला हाक मारून त्यांच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं. तिथे पाणी धो धो पडत होतं. तीच लाइन, तेच अकरा आटे. परत येऊन त्यांनी मीटरजवळचा आमचा कॉक पूर्ण बंद केला. काटा थांबला. मग चावीचं एक टोक गेटजवळ उघड्या पडलेल्या पाइपवर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मिनिटभर तसेच उभे.

"या. ऐका."

थंड लोखंडाला कान लावला. कुकर शिट्टी द्यायच्या आधी जसा सूं सूं करतो, तसा आवाज.

"कॉक बंद केलाय. पाणी कुठे जायला नको. मग हे कुठे चाललंय?"

टॉर्च कंपाउंडच्या भिंतीवरून फिरला आणि एका जागी थांबला. तिथे अळू होतं. आमचं प्रसिद्ध अळू. हत्तीच्या कानाएवढी पानं, काळसर देठं. तळमजल्यावरच्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी एक कंद खोचला होता आणि तेव्हापासून सगळी सोसायटी अळूवड्या खात होती. "माझ्या हाताला गुण आहे," असं काकू सांगत. कुणीही पाणी घालत नसताना फेब्रुवारीत ते असं माजलं होतं, आणि ह्याचं नवल अठ्ठावीस घरांतल्या एकालाही वाटलं नव्हतं.

"कुणी लावलं?" काकांनी विचारलं.

"तळमजल्यावरच्या..."

"त्यांनी लावलं. पाणी म्युन्सिपाल्टी घालते."

मीटरच्या आधी पाइप सडला होता, म्हणून बिलात काही दिसलं नाही. रस्त्यातल्या मोठ्या लाइनपासून इमारतीपर्यंत येणारा पाइप सोसायटीचा असतो, त्याची दुरुस्ती सोसायटीने लायसन्स असलेल्या प्लंबरकडून करून घ्यायची असते, हेही मला त्या पहाटे कळलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते ऐकून पोटात कालवलं. पाणी चालू असताना पाइपातून बाहेर झिरपतं. सातला बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि मग त्याच भोकातून आजूबाजूचं आत ओढतो. आमच्या पाइपाच्या आजूबाजूला होती अळूची चिखलट माती, आणि हातभर अंतरावर सांडपाण्याचं गटार. जानेवारीत तीन घरांतल्या पोरांची पोटं बिघडली होती. आम्ही सगळा दोष नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याला दिला होता, त्याच्याकडे जाणंही बंद केलं होतं.

पाइप बदलला. त्यासाठी झालेल्या सभा, तीन प्लंबरांची तीन एस्टिमेटं आणि "पितळी कॉक कशाला?" ह्यावरची पाऊण तासाची चर्चा मी इथे सांगत नाही. अडतीस हजार लागले. चाळीस फूट जुना पाइप बाहेर आला तेव्हा मधला एक तुकडा प्लंबरने नुसत्या बोटांनी दाबून मोडला. टाकी पुन्हा काठोकाठ भरायला लागली. पाचशेचं पाकीट मी खजिनदारांना परत दिलं. ते म्हणाले, "बघा, वशिल्याने काम झालं."

मला मात्र ते अकरा आटे सुटत नव्हते. तेवीसचा व्हॉल्व्ह अकरावर का ठेवायचा? नंतरच्या दोन-तीन पहाटे मी मुद्दाम उठून खाली गेले, चहाचा थर्मास घेऊन. तोपर्यंत मी 'मॅडम'ची 'ताई' झाले होते. तिसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, तुमच्याबरोबर एक फेरी मारू का?

"काय बघणार, ताई? रस्त्यातली भोकं आहेत."

आणि मग, "साहेबांना विचारा." साहेबांना फोन केला. भाच्याच्या वयाचे साहेब हसले. "रस्ता सगळ्यांचा आहे, मॅडम. चाला. फक्त चावीला हात लावू नका."

मार्चमधला रविवार होता. साडेतीनला गाढव नाक्यापासून निघालो. त्यांच्या फेरीत चौदा व्हॉल्व्ह. मला वाटलं होतं चौदा वेळा तेच. पण एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एक उजवीकडे फिरवला की उघडतो, त्याच्या पुढचा डावीकडे. कुणी कुठल्या काळात बसवला त्यावर ते अवलंबून, आणि बाहेरून काही खूण नाही. एकाला तेवीस आटे, एकाला एकोणतीस. एक व्हॉल्व्ह सतराव्या आट्याला अडकतो, तिथे अर्धा आटा मागे घेऊन मग पुढे जायचं. बंद करताना शेवटचे चार आटे अगदी हळू. घाई केली तर पळणारं पाणी बंद दारावर आपटतं आणि लाइन जुनी असेल तर दुसरीकडे कुठेतरी फुटते. एका ठिकाणी बंद करताना पंचविसाऐवजी बाविसालाच चावी थांबली. काकांनी दोन आटे उघडून पाण्याला वाट दिली, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. "खाली खडा आलाय." तिसऱ्या वेळी पंचवीस भरले.

क्रमही ठरलेला. हा बंद केल्याशिवाय तो उघडायचा नाही, नाहीतर दोन्हीकडे बोंब. हे सगळं लिहिलेलं कुठे आहे, मी विचारलं. ऑफिसात नकाशे आहेत, म्हणाले. मग त्यांनी पोराकडे बोट दाखवलं. पोरगा बी.कॉम. झालेला आहे, आणि मोबाइलमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हचा फोटो, आट्यांचा आकडा, कुठल्या हाताने फिरतो, हे टिपून ठेवतो. काका रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय. तो रोज मोबाइलमधला आकडा वाचायला जातो आणि त्याने वाचायच्या आधीच काका तो सांगतात. माझ्या समोर चौदापैकी एकच चुकला, आणि तो मोबाइलमध्ये चुकीचा उतरवलेला निघाला.

चढावर आलो तशी माझी धाप लागली. वस्ती दाट झाली, गल्ली दोन माणसांच्या रुंदीची. दाराबाहेर निळे ड्रम, हंडे, कळशा, रांगेत. चारेक बायका पायरीवर बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर. इथला व्हॉल्व्ह एका घराच्या उंबऱ्याला खेटून. काकांनी तो एकोणतीसच्या एकोणतीस उघडला. पूर्ण. आवाज आला, हवेचा सुस्कारा आला आणि बराच वेळ पुढे काहीच झालं नाही. मग एका नळाला खोकल्यासारखं पाणी आलं आणि हळूहळू करंगळीएवढी धार धरली.

"हे शेवटचं टोक," काका म्हणाले. "तुमचा खाली तेवीस केला तर इथं ही पण धार नाय. पाण्याला काय, उतार दिसला की गेलं. म्हणून खाली चिमटायचं, वर मोकळं सोडायचं."

करंगळीएवढी धार हंड्यात पडत होती तिकडे मी बघत राहिले. 'आमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्यात यावा' असं मागणारं पत्र माझ्या लॅपटॉपमध्ये तयार होतं, कमिटीच्या सात सह्या घेऊन.

पायरीवरची एक बाई काकांना म्हणाली, "आज दोन मिनिट उशीर." काका म्हणाले, "ताई आल्यात बघायला, त्यांच्यामुळे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहा घेतला. तिथे काका जरा मोकळे झाले. मूळचे संगमेश्वरकडचे. वडील गिरणीत होते, संपानंतर गावी गेले, हे इथेच राहिले. म्युन्सिपाल्टीत लागले ते आधी मजूर म्हणून, खड्डे खणायला. चावी नंतर हातात आली. मी विचारलं, लोक शिव्या देतात?

"पाणी आलं तर देव देतो. नाय आलं तर चावीवाला."

मग त्यांनी २०२१ चं सांगितलं. १८ जुलै, रविवार. रात्रभर कोसळला, आणि भांडुपच्या केंद्रातच पावसाचं पाणी शिरलं. यंत्रं बंद करावी लागली, मुंबईच्या मोठ्या भागाचं पाणी तुटलं. बाहेर रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि नळाला थेंब नाही. "मी चावी घेऊन गेलो. उघडला. तेवीसच्या तेवीस. काय नाय आलं. माणसं म्हणतात, उघड, नीट उघड. आता टाकीच भरली नाय तर माझी चावी काय, नुसतं लोखंड. दोन दिवस घरी गेलो नाय. थोडं थोडं पाणी आलं तसं एकेका गल्लीला द्यायचं. ह्याला वीस मिनिटं, त्याला वीस मिनिटं. हातात घड्याळ घेऊन."

मला आठवलं, आम्ही त्या दोन दिवसांत टँकर मागवला होता आणि ग्रुपवर पावसाचे विनोद पाठवत होतो.

पाणीकपात तरी कशी करतात, हेही मी विचारून घेतलं. मे-जून आला की वर्तमानपत्रात सात तलावांचं कोष्टक यायला लागतं. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सगळे भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. आमच्या सासऱ्यांना ते कोष्टक शेअरच्या भावासारखं पाठ असायचं. २०२४ साली ५ जूनपासून दहा टक्के कपात होती, जुलैच्या शेवटी उठली. बातमीत 'दहा टक्के' एवढंच असतं. ते दहा टक्के काढतं कोण? कुठेतरी काही आटे कमी, कुठेतरी काही मिनिटं कमी, असं शेकडो ठिकाणी पहाटे-दुपारी-रात्री माणसं चावी घेऊन फिरतात तेव्हा ते निघतात. "आणि ते पण वरच्या टोकाला नाय मारायचे," काका म्हणाले. "तिथं दहा टक्के काढले तर शंभर टक्के जातात."

विहारचं धरण १८६० चं. तिथून सुरुवात, मग तुळशी, १८९२ ला तानसा, आणि स्वातंत्र्यानंतर वैतरणेवरचं मोडक सागर. ते नाव मोडक नावाच्या इंजिनिअरचं, आणि ते महापालिकेच्याच नोकरीतले, हे मी त्यांना सांगितलं. तेवढंच माझ्याकडून त्यांना नवीन. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे आमच्याच खात्यातले! मग माझ्या नावाचं एक झाकण तरी ठेवा म्हणावं. गाढव नाक्यावरचं चालेल."

राहायला ते खिंडीपाड्याला, आणखी वर. त्यांच्याकडे पाणी संध्याकाळी पाऊण तास. ती वेळ दुसऱ्या पाळीची, तिथला चावीवाला वेगळा. "आमची मंडळी त्याला रोज शिव्या घालते," काका म्हणाले. "म्हणते, तो पूर्ण उघडत नाय. मुद्दाम करतो."

"मग तुम्ही सांगत नाही का तिला?"

"तीस वर्षं सांगतोय." त्यांनी ग्लास ठेवला. "पण तो माणूस खरंच आळशी आहे."

चहाचे पैसे मी द्यायला गेले तर आधीच दिलेले होते. निघताना मी विचारलं, ह्यावर लिहिलं तर चालेल का. म्हणाले, लिहा, नाव नको. साहेब विचारत बसतील. म्हणून नाव नाही.

कमिटीच्या बैठकीत मी सांगितलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याचं पत्र मी देणार नाही. वरच्या टोकाची करंगळीएवढी धार सांगितली. दोघे-तिघे गप्प झाले. खजिनदार म्हणाले, "आपण बिल भरतो, ते लोक भरतात का?" भरतात, मी म्हटलं, मी विचारलंय. त्यावर ते म्हणाले की मला आता राजकारणात जायला हरकत नाही. पत्र गेलं नाही, एवढं खरं. पुढच्या सेक्रेटरीने पाठवलं तर मी काय करणार?

वॅगनार मात्र हलली. कुंड्यावाल्यांनी स्वतः ऑइल पेंटने झाकणाभोवती पिवळा चौकोन काढला आणि आता तिथे दुसऱ्या कुणी स्कूटर लावली तरी खिडकीतून ओरडतात. काकांनी पहिल्या दिवशी तो चौकोन पाहिला, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि काही बोलले नाहीत.

पहाटे चार दहाला मला आता आपोआप जाग येते. झाकण वाजतं. मग शांतता, कारण मोजताना बोलायचं नसतं. परवा मात्र आवाज आला. पोरगा एकटाच फिरवत असावा. काकांचं "थांब, थांब, तेरा झाले, दोन मागे घे," ऐकू आलं. लोखंड दोनदा कुरकुरलं. मग घरघर.

अळू एप्रिलमध्ये वाळलं. काकूंनी बादल्या घालून पाहिल्या, दोन आठवडे पानं बशीएवढी आली, मग तीही गेली. परवाच्या सभेत त्यांनी विषय काढला की पाइप बदलताना प्लंबरने कंद तुडवले, त्याची भरपाई कोण देणार. मी सगळं समजावून सांगितलं. अळू मुळात गळतीवर उभं होतं, ती गळती पोरांच्या पोटात जात होती वगैरे. काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे गं. पण तेवढीशी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" तीन जणींनी दुजोरा दिला. इतिवृत्तात मी लिहिलं आहे: 'विषय क्र. ६, अळू. चर्चा झाली. निर्णय नाही.'